नादाचें मोल

आमचे थोरले बंधु अण्णा यांस यंदा ऐंशी वर्षें पुरीं होऊन एक्याऐंशीवें लागलें आणि घरांत सहस्रचंद्रदर्शनाच्या शांतीचीं बोलणीं सुरू झालीं. भोजनाचा बेत, आप्तेष्टांचीं आमंत्रणें वगैरे ठरल्यावर पुतण्यानें एक कल्पना पुढें मांडली. अण्णांचा सारा जन्म गाणें ऐकण्यांत गेला. तेव्हां शालजोडी आणि चांदीचें तबक देण्यापेक्षां त्यांस घरीं गाणें ऐकण्याचें उत्तमांतलें उत्तम यंत्र द्यावें, असें त्याचें म्हणणें. कल्पना सर्वांस पटली. पटण्यास जड गेली ती त्यानें दुसऱ्या दिवशीं खिशांतून काढलेली यादी. ॲम्प्लिफायर, म्हणजे ध्वनिवर्धक, २,४०,००० रुपये. स्पीकरांची जोडी ३,६०,००० रुपये. त्या दोहोंस जोडणारी तार ८५,००० रुपये. आणि भिंतींतील विजेपासून यंत्रापर्यंत येणारी दुसरी तार ४०,००० रुपये. एकूण सव्वासात लाख.

आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. शाळेंत मुलांकडून रूपें घोकवून घेण्यांत हयात गेली. निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेली रक्कम आम्हीं मनांतल्या मनांत त्या यादीशेजारीं मांडून पाहिली आणि उगाच चष्मा पुसला. आमचें घर एकत्र, तिजोरीहि एकच. यादींतले तीन लाख धाकट्या नातीच्या शिक्षणासाठीं ठेवलेली ठेव मोडून उभे करावयाचे होते. वडील माणसाच्या कौतुकास खर्च होणार म्हणून सूनबाई कांहीं बोलली नाहीं. पण तिनें यादी वाचून घडी घातली ती जरा जास्तच नीट घातली.

पुतण्या उधळ्या नव्हे. त्यानें दुकानांत बसून स्वतःच्या कानांनीं ऐकलें होतें. आधीं साधा संच, मग महाग संच. आणि महाग संच वाजूं लागतांच गायक जणूं समोर येऊन बसला, असें तो सांगे. “काका, मधला पडदाच दूर झाला!” हें वाक्य त्याचें कीं दुकानदाराचें, हें आम्हांस शेवटपर्यंत कळलें नाहीं. दुकानदार मात्र सभ्य. “आठ दिवस घरीं नेऊन ऐका, मग ठरवा,” असें त्यानें सुचविलें. यंत्र आलें, आणि बिबवेवाडींतील आमच्या तिसऱ्या मजल्यावरील दिवाणखान्यांत एक लहानसें परीक्षागृह उभें राहिलें.

आमच्या न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष ज्ञानाचे दोन प्रकार मानितात. वस्तु नुसती इंद्रियास भिडली, तिला अद्याप नांव-जात चिकटली नाहीं, तें निर्विकल्पक. आणि नांव-जात चिकटल्यावर होतें तें सविकल्पक. दुकानांत ऐकलेला नाद हा पक्का सविकल्पक होय. त्याला कारखान्याचें नांव, गालिचा, मंद दिवे आणि पुढ्यांतली किंमत हीं सारीं आधींच चिकटलेलीं असतात. कान ऐकतो कीं डोळे ऐकतात, याचा निवाडा तेथें होणें नाहीं. यासाठीं एकच उपाय : डोळ्यांपुढें पडदा.

हा उपाय आमचा नव्हे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन मंडळांत अनेक वर्षें स्पीकरांचीच परीक्षा केलेले फ्लॉइड टूल आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनीं १९९४ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. चाळीस श्रोत्यांनीं चार स्पीकर एकदां डोळ्यांनीं पाहत आणि एकदां पडद्याआड ऐकले. पाहून ऐकतांना मोठ्या, भारदस्त स्पीकरांस जे घसघशीत गुण मिळाले होते, ते पडद्याआड बरेच आटले. २०१० सालीं क्लॉडिया फ्रिट्झ या बाईंनीं अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें एकवीस वादकांच्या डोळ्यांवर काळे चष्मे चढवून त्यांच्या हातीं सहा व्हायोलिनें दिलीं. तीन नवीं आणि तीन जुनीं. जुन्यांत दोन स्ट्राडिव्हारीचीं. जुन्या तिघांची किंमत नव्या तिघांच्या सुमारें शंभर पट. वादकांना सर्वांत कमी आवडलें तें त्यांतलें एक स्ट्राडिव्हारी!

आमचा पडदा म्हणजे वहिनींची जाड चादर. तंत्रज्ञ म्हणून नातू; तो येथेंच अभियांत्रिकी महाविद्यालयांत इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. त्यानें पहिलीच अट घातली कीं दोन्ही संचांचा आवाज मापकानें मोजून अगदीं समान केल्याशिवाय तुलना करावयाची नाहीं. एक संच दुसऱ्याहून तिळभर मोठा वाजला तरी कान त्यास ‘मोठा’ म्हणत नाहीं, ‘चांगला’ म्हणतो. त्यानें मोजलें तों महाग ॲम्प्लिफायर खुंटीच्या त्याच खुणेवर जुन्याहून मोठा वाजत होता. दुकानांत आवाज असा मोजला होता काय, असें आम्हीं पुतण्यास विचारलें. तो म्हणाला, “छे! त्यांनीं नुसतें कळ दाबून दाखविलें.”

दुसरी अट संख्येची. नातू सोळा वेळां नाणें उडवून, जें पडेल त्याप्रमाणें एक किंवा दुसरी वस्तु जोडणार. ऐकणाऱ्यानें ती ओळखावयाची. नुसत्या अंदाजानेंहि आठ उत्तरें बरोबर येतील. बारा किंवा अधिक निव्वळ दैवानें बरोबर येण्याचा संभव शेंकडा चारांहूनहि कमी; म्हणून बाराच्या वर गेला तर कान खरा, एरवीं नाहीं.

पहिली पाळी तारेची. ८५,००० ची तार एकीकडे. दुसरीकडे नातवानें बुधवारांतल्या तपकीर गल्लींतून आणलेली अडीच चौरस मिलिमीटरांची साधी तांब्याची तार. पुतण्यानें सोळांपैकीं सात ओळखल्या, वहिनींनीं नऊ, सूनबाईनें दहा, आम्हीं आठ. म्हणजे चौघांनीं मिळून नाण्याचेंच काम केलें. यांत नवल नाहीं, हें नातवानें मग कागदावर मांडून दाखविलें. पांच मीटर लांबीच्या त्या साध्या तारेंत जाऊन-येऊन दहा मीटर तांबें; त्याचा विरोध सुमारें सात शतांश ओहम. स्पीकरचा स्वतःचा विरोध आठ ओहम. हंडाभर पाण्यांत पळीभर पाणी कमी झालें, तर ते ओळखणारी जीभ कोणाची?

येथें आम्हांस तंबोऱ्याची आठवण झाली. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतात ती आम्हीं जवळून पाहिली आहे. घोडीवर तारेखालीं सुताचा एक धागा असतो, त्याची किंमत शून्य. तो केसभर मागेंपुढें सरकविला कीं मुका तंबोरा बोलूं लागतो, आणि तें शेजारच्या खोलींतल्या पोरासहि कळतें. त्यासाठीं चादर लागत नाहीं, नाणेंहि लागत नाहीं.

दुसरी पाळी ॲम्प्लिफायरची. घरांतला जुना ॲम्प्लिफायर वीस वर्षांचा. त्याची एक खुंटी गेली काडीपेटीच्या काडीवर तगून आहे. सूनबाईची सात, आमचीं आठ, पुतण्याचीं अकरा उत्तरें बरोबर आलीं. अकरा म्हणजे संशयास जागा. पुतण्याचा चेहरा उजळला. त्याच्यावर अन्याय नको म्हणून दुसऱ्या दिवशीं सकाळीं, कान ताजे असतांना, पुन्हा सोळा वेळां ऐकविलें. तेव्हां सात आलीं. तो उठून गॅलरींत जाऊन उभा राहिला. त्याची निराशा आम्हांस समजली. पैसे वांचल्याचा आनंद त्याला व्हावयास हवा होता, असें म्हणणाऱ्यानें कधीं वडिलांना देणगी देण्याचा बेत केलेला नसावा.

भिंतींतल्या विजेच्या तारेची परीक्षा नातवानें घेण्याचेंच नाकारलें. वीज पर्वतीच्या पायथ्यापासून जुन्या तारांतून आलेली. शेवटच्या दोन हातांत तिला सोंवळें नेसवून काय होणार, असें तो म्हणाला. आम्हीं पुढें वाद घातला नाहीं.

स्पीकरांची गोष्ट मात्र वेगळी. तेथें फरक पहिल्याच आघातास सर्वांनीं ओळखला, सोळांपैकीं सोळा. याचें कारणहि भौतिक आहे. बरा ॲम्प्लिफायर नादांत मिसळतो ती अशुद्धि शेंकड्याच्या शतांशांत मोजावी लागते. स्पीकर मात्र कागदाचा वा कापडाचा पडदा हालवून हवा ढकलतो, आणि त्या धडपडींत कांहीं स्वर फुगतात, कांहीं बसतात. काळी एकच्या पट्टींत गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याचा खर्ज दर सेकंदास सुमारें एकूणसत्तर कंपनांचा असतो. तो खरोखर ऐकवावयाचा तर पुष्कळ हवा हालविणें आलें, म्हणजे मोठा पडदा आणि मोठी, न थरथरणारी पेटी आली. हल्लीं मुलांच्या मुठींत मावणारे जे डबे असतात त्यांत हा खर्ज नसतोच. वरच्या स्वरांवरून आपला मेंदु तो मनानें भरून काढितो. तेव्हां लांकूड, चुंबक आणि कारागिरी यांचे पैसे द्यावे लागतात, हें मान्य. आमच्या पुण्यांतहि ‘केडन्स’ या नांवाच्या उद्योगानें कागदी पडद्याऐवजीं विजेच्या दाबाखालीं कंप पावणारें पातळ पापुद्रें वापरून स्पीकर बनविले आणि ते परदेशीं विकले. असें काम स्वस्तांत होत नाहीं.

परंतु फरक कळणें निराळें आणि अधिक चांगलें वाटणें निराळें. शेजारच्या इमारतींतल्या स्नेह्यांकडून आम्हीं ६०,००० ची एक जोडी मागून आणली आणि तीहि चादरीमागें ठेविली. चौघांपैकीं दोघांनीं तिलाच पसंती दिली. एकानें ३,६०,००० वालीला. आणि वहिनींनीं आमच्या जुन्याच जोडीला. त्या म्हणाल्या, “ही आपल्या घरच्यासारखी वाजते.” तिची खरेदी १८,००० ची होती, हें त्यांस ठाऊक नव्हतें, कारण त्या वेळीं अण्णांनीं तें सांगितलेंच नव्हतें!

महाग जोडी कां हरली, याचा शोध घेतां खोलीकडे लक्ष गेलें. आम्ही पूर्वीं शनवारांत वाड्यांत राहत असूं. तेथें लांकडी कडीपाट, मातीच्या भिंती, जाड गादी-तक्के. अण्णांचा जुना संच तेथें मधासारखा वाजे. बिबवेवाडींत आल्यावर भिंती काँक्रीटच्या, जमीन गुळगुळीत फरशीची, एका बाजूस कांचेचीं सरकतीं दारें. टाळी वाजविली तर ती परत येऊन चौकशी करते. मोठ्या स्पीकरांचा खर्ज अशा खोलीच्या कोपऱ्यांत सांचून घुमत होता. हार्वर्डच्या वॉलेस सेबाइन या प्राध्यापकास १८९५ सालीं असेंच एक घुमणारें व्याख्यानगृह सुधारावयास दिलें होतें. बोललेला शब्द तेथें साडेपांच सेकंद रेंगाळे. त्यानें रात्रीं-रात्रीं शेजारच्या नाट्यगृहांतल्या बैठकीच्या गाद्या वाहून आणल्या, एकेक वाढवून नाद किती वेळ टिकतो तें मोजलें, आणि त्यांतून एक शास्त्र उभें राहिलें. आम्हीं सेबाइनच्या मागून गेलों. माळ्यावरच्या चार गाद्या उतरविल्या, कांचेवर सतरंजी टांगली, स्पीकर कोपऱ्यांतून दोन हात पुढें ओढले. जुनी १८,००० ची जोडी अशी निवळली कीं पुतण्या स्वतः म्हणाला, “काका, पडदा आतां दूर झाला.” या वेळचें वाक्य त्याचेंच होतें.

आणखी एक गोष्ट. अण्णा ऐकतात तें गाणें कोणतें? अब्दुल करीम खांसाहेब, केसरबाई, बालगंधर्व. हें सारें मूळ तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवरचें, आणि त्या काळच्या तबकडींत सहा-सात हजार कंपनांपलीकडे फारसें कांहीं उतरतच नसे. जें कोरलेंच गेलें नाहीं तें कोणत्या किंमतीचें यंत्र काढून देणार? केसरबाईंची भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर सूर्यमालेबाहेर धाडली, ती अशाच जुन्या ध्वनिमुद्रणावरून. निवडणारांस उणें भासलें नाहीं. नव्या ध्वनिमुद्रणांचीहि कथा फार वेगळी नाहीं. बोस्टनच्या बाजूस ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनीं वर्षभर चालविलेला एक प्रयोग २००७ सालीं प्रसिद्ध झाला. सूक्ष्म, महागडें ध्वनिमुद्रण आणि तेंच साध्या सीडीच्या प्रतीचें करून ऐकविलेलें, यांतला भेद श्रोत्यांनीं ५५४ वेळांपैकीं २७६ वेळां बरोबर सांगितला. नाण्यानें सांगितला असता तर २७७ वेळां.

या सर्व खटाटोपांत अण्णा आपल्या वेताच्या खुर्चींत बसून होते. प्रत्येक पाळीला आम्ही विचारूं, “अण्णा, कोणतें बरें?” ते म्हणत, “सगळें सारखेंच रे.” तारेच्या पाळीला आम्ही हंसलों, ॲम्प्लिफायरच्या वेळीं मान डोलविली. स्पीकरांच्या वेळींहि त्यांनीं तेंच म्हटलें, तेव्हां आमच्या मनांत कांहींतरी खटकलें; पण त्यांस मनापासून ऐकावयाचें नसेल, अशी आम्हीं समजूत करून घेतली.

तिसऱ्या संध्याकाळीं नातवानें गंमत म्हणून सूर चढवीत नेण्याचा खेळ लाविला. कोणाला कोठवर ऐकूं येतें तें पाहावयाचें; ऐकूं येईपर्यंत हात वर. नातवाचा हात १७,००० कंपनांना खालीं आला, पुतण्याचा १४,००० ला, आमचा १०,००० च्या आंतच. आम्हांस तें जरा लागलें. मग खेळ उलट, वरून खालीं. सूर ४,००० वर येऊन कर्कश वाजूं लागला तसा सूनबाईनें कानांवर हात घेतला, स्वयंपाकघरांतून वहिनी “बंद करा तें!” म्हणाल्या. अण्णा शांतपणें वर्तमानपत्राचें पान उलटीत होते. नातवानें मोठा केला. अण्णांनीं पानावरून मान वर केली ती आम्ही सगळे त्यांच्याकडे कां पाहत आहों म्हणून.

खोलींत कोणी बोललें नाहीं. गेल्या तीन वर्षांतल्या कितीतरी गोष्टी आम्हांस एकदम आठवल्या. सवाई गंधर्व महोत्सव आतां मुकुंदनगरांत, आमच्यापासून जवळ, भरतो. १९५३ पासून चाललेल्या या महोत्सवास अण्णा तरुणपणापासून जात. तीन वर्षांपूर्वीं ते मध्येंच उठून आले आणि म्हणाले, “हल्लीं तंबोरे बोलत नाहींत.” पुढच्या वर्षीं गेलेच नाहींत. आम्हीं याला म्हातारपणचा चोखंदळपणा समजलों. सूनबाई पुटपुटते असा त्यांचा आरोप असे. ती बिचारी मोठ्यानें बोले तर ते म्हणत, ओरडतेस कां? आम्ही तर त्यांस एकदां शब्दांच्या अर्थावरून चिडविलेंहि होतें.

श्रवणतज्ज्ञ बाईंनीं अण्णांना बंद खोलींत बसवून आलेख काढिला. १,००० कंपनांपर्यंत रेघ बऱ्यापैकीं सरळ. पुढें ती कड्यावरून कोसळावी तशी खालीं. बाईंनीं समजावून सांगितलें कीं, स्वर खालच्या भागांत असतात, पण स, श, त, क या व्यंजनांची ओळख पटते ती वरच्या भागांत. म्हणून माणूस बोलतो आहे हें कळतें. काय बोलतो तें कळत नाहीं. तंबोऱ्याची जवारी म्हणजे तरी काय? त्या वरच्या कंपनांचाच झणकार. तंबोरे बोलत होते. तपासणीचा खर्च त्या विजेच्या तारेच्या चाळिसाव्या भागाइतकाहि आला नाहीं.

आतां श्रवणयंत्र, आणि पुन्हा तोच प्रश्न! कानांच्या जोडीची किंमत पन्नास हजारांपासून चार लाखांपर्यंत. पुतण्या अर्थातच चार लाखांकडे वळला. आम्हीं बाईंस विचारलें. त्यांनीं सांगितलें तें पुढें नातवानें ताडून पाहिलें : अमेरिकेंत मेंफिस विद्यापीठांत रॉबिन कॉक्स व त्यांचे सहकारी यांनीं साधीं आणि उंची श्रवणयंत्रें वृद्धांस आळीपाळीनें कांहीं आठवडे घालावयास दिलीं, रोजच्या व्यवहारांत दोहोंच्या उपयोगांत फरक दिसून आला नाहीं. खरा फरक पडतो तो यंत्र माणसाच्या आलेखाबरहुकूम बसविण्यानें, आणि तें काम पुन्हा पुन्हा जाऊन करून घ्यावें लागतें. शिवाय हीं यंत्रें बोलण्यासाठीं घडविलेलीं. लांबलेला स्थिर सूर म्हणजे आपलीच शीळ, असें समजून कांहीं यंत्रें तंबोऱ्यालाच दाबूं पाहतात! त्यासाठीं गाण्याची निराळी योजना आंत घालून घ्यावी लागते, हें ज्यांच्या घरीं असा श्रोता आहे त्यांनीं अवश्य विचारावें. अण्णांसाठीं ९०,००० ची जोडी घेतली आणि बाईंकडे पांच खेपा घातल्या. चौथ्या खेपेपर्यंत कुकरची शिट्टी त्यांस तोफेसारखी वाटे आणि फरशीवर पडलेला चमचा असह्य होई. दोनदां त्यांनीं यंत्रें काढून डबींत ठेविलीं. वहिनींनीं दोन्ही वेळां तीं पुन्हा हातांत दिलीं.

दुकानदारास सर्व सामान परत केलें. तो सौजन्यानें वागला. तार तेवढी त्यानें दोनदां मोजून घेतली. नातीची ठेव मोडावी लागली नाहीं. दिवाणखान्यांत एक जाड गालिचा आला, कांचेच्या दारांस दुपदरी पडदे आले, आणि जुन्या ॲम्प्लिफायरच्या खुंटींतली काडी नातवानें काढून नवी खुंटी बसविली.

शांतीच्या दिवशीं पाहुणे गेल्यावर अण्णा खुर्चींत येऊन बसले. पुतण्यानें अब्दुल करीम खांसाहेबांचें मुद्रण लाविलें. अण्णा थोडा वेळ डोळे मिटून ऐकत राहिले, मग भिवया आकसून पुतण्याला म्हणाले, “अरे, ही तबकडी फार खरखरते. पूर्वीं नव्हती हो इतकी.”